वाट्याला न आलेली कलेजी

सायवनच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी जो पाडा आहे, तिथे लग्न असो की घरभरणी, डुक्कर कापायला काकड्याच लागायचा. आता त्याला कोणी बोलावत नाही. का बोलावत नाही ते ऐकलंत तर कपाळाला हात लावाल. पण गोष्ट क्रमानं सांगायला हवी, नाहीतर काकड्याच वेडा ठरेल. तसा पाड्यानं तो ठरवलेलाच आहे.

माणूस पन्नाशीचा, अंगानं काटक, बोलायला कंजूष. भात आणि नाचणीपुरती जमीन, भात घरात आलं की डहाणूकडच्या चिकूच्या वाडीत मजुरी, घरात बायको गंगी. सुरी त्याला बापाकडून आली. बाप म्हणायचा, जनावर एका घावात गेलं पाहिजे, त्याला कळायच्या आत. काकड्यानं ते जन्मभर पाळलं. पेंढ्यावर भाजून केस खरवडायचे, पोट उघडायचं, आतडी काढायची, तुकडे करायचे, सगळं त्याच्या हातून असं सरसर व्हायचं की बघायला माणसं जमायची. मजुरी त्यानं कधी घेतली नाही. कापणाऱ्याला मानेचा तुकडा, ही जुनी रीत, आणि तेवढ्यावर तो खूश असायचा.

आणि वाटे घालावेत तेही काकड्यानंच. पळसाची पानं ओळीनं मांडायची, जितकी घरं तितकी पानं, आणि प्रत्येक पानावर सगळ्याचा थोडा थोडा तुकडा. मांस, चरबी, कातडी, आतडं, सगळं. मोठ्या घराला मांडी आणि एकट्या बाईला आतडं, असला प्रकार या पाड्यानं कधी होऊ दिला नाही. त्याचा सगळ्यांना अभिमान होता, काकड्याला जरा जास्तच.

गेल्या वर्षी लहान्याच्या घरभरणीला त्यानं असंच डुक्कर कापलं. लहान्या त्याचा चुलतभाऊ, घर शेजारचंच. कलेजी वाट्यात जात नाही. ती निखाऱ्यावर परतून आधी म्हाताऱ्या माणसांना द्यायची, तो त्यांचा मान. फार भाजली की ती कडक होते आणि दात नसलेल्यांना चावत नाही, म्हणून नुसता रंग बदलला की उचलायची. लहान्याच्या आईनं ती आवडीनं खाल्ली, अजून मागून घेतली. दुसऱ्या दिवशी अर्ध्या पाड्याचं पोट बिघडलं. गंगीला तर जुलाबातून रक्त पडायला लागलं. तिला जीपमध्ये घालून डहाणूला नेलं, सलाइन लावलं, तेव्हा कुठे ती वाचली. लहान्याची आई मात्र त्याच आठवड्यात गेली.

मग पाड्यानं कारणं शोधली. कोणी म्हणालं ताडी आंबली होती. कोणी म्हणालं पाहुण्यांपैकी कोणाची तरी नजर लागली. शेवटी सगळं खापर हापशीवर फुटलं, तिच्यात औषध टाकून झालं, महिनाभर बाया लांबच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. म्हातारीचं म्हणाल तर वय झालं होतं, निमित्त झालं, असं लहान्यासकट सगळे म्हणाले. चोर कोण ते तेव्हा काकड्यालाही ठाऊक नव्हतं. तोही हापशीच्याच नावानं बोटं मोडत होता.

ठाऊक झालं ते डहाणूला. डुकरं पाळणाऱ्यांसाठी कसलंसं शिबिर होतं. पाड्यापाड्यातून एकेक माणूस हवा होता, दुपारचं जेवण मिळणार होतं आणि काकड्याला त्या दिवशी वाडीवर काम नव्हतं. शिकवायला वसुमतीबाई होत्या, जनावरांच्या डॉक्टर. त्यांनी सांगितलं की डुकराच्या आतड्यात जंतू असतात. डुकराला त्यांचा काही त्रास नसतो, ते धष्टपुष्ट दिसतं, खातं, चिखलात लोळतं. पण कापताना आतड्याला सुरी लागली, किंवा आतडं धुतलेला हात मांसाला लागला, की ते जंतू मांसावर येतात. वास येत नाही, रंग बदलत नाही. रटरटून शिजवलं तर ते मरतात. कच्चट राहिलं, किंवा त्याच सुरीनं कांदा चिरला, की माणसाच्या पोटात.

नुसतं सांगून भागत नाही हे बाईंना ठाऊक असावं. त्यांनी एक दुधी घेतला, त्याला ओली हळद फासली आणि म्हणाल्या, ही हळद म्हणजे आतड्यातली घाण समजा. तो दुधी त्यांनी काकड्याला कापायला दिला. मग त्याच सुरीनं बटाटे, मग टोमॅटो, आणि मग म्हणाल्या, घाला बरं वाटे. काकड्यानं सफाईनं घातले. बघतो तर सगळ्या वाट्यांवर पिवळं. सुरीवर पिवळं, फळीवर पिवळं, सदऱ्याच्या बाहीवर, आणि मधेच घाम पुसला होता तिथे मिशीवरसुद्धा. सगळे हसले. काकड्याला हसू येईना. त्याला निखाऱ्यावरची कलेजी दिसत होती, आणि ती उचलून म्हातारीच्या पानावर ठेवणारा स्वतःचा हात.

बाईंनी उपायही सांगितले, आणि त्यात अवघड काही नव्हतं. जनावर आदल्या दिवसापासून उपाशी ठेवायचं, नुसतं पाणी द्यायचं, म्हणजे आतडं रिकामं राहतं. जमिनीवर न कापता टांगून कापायचं आणि मागचं तोंड दोरीनं बांधून घ्यायचं. आतड्याला एक सुरी, मांसाला दुसरी, दोन्ही उकळत्या पाण्यातून काढलेल्या. एवढं करूनही आतड्यातलं सांडलंच, तर जिथे लागलं तो भाग कापून टाकून द्यायचा. पाण्यानं धुवायचा नाही, धुतल्यानं ते आणखी पसरतं.

काकड्या परत आला तो बोलका होऊन, आणि तिथून त्याचे हाल सुरू झाले. आधी तो सांगायला गेला तर लोक म्हणाले, आमचा आजा हेच खाऊन म्हातारा झाला. मग त्यानं गंगीच्या आजाराची आठवण करून दिली, तर लोक म्हणाले, ती हापशी. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतणार? शेवटी त्यानं बाजारातून दुधी आणला आणि लहान्याच्या अंगणात बाईंनी केला तसाच हळदीचा प्रयोग करून दाखवला. लोक मन लावून बघत होते, माना डोलवत होते. काकड्याला वाटलं, चला, एकदाचं पोचलं.

काय पोचलं ते त्याला पुढच्या आठवड्यात कळलं. पाड्यावर आता मटण आणलं की त्याला हळद फासून ठेवायला लागले होते. डहाणूच्या बाईनं सांगितलंय म्हणे, हळद लावली की जंतू मरतात, काकड्यानं दाखवलं की डोळ्यांदेखत. आता पाड्याला तरी काय बोलणार? हळद जखमेवर दाबतात, नवरीला लावतात, खोकला झाला की दुधातून देतात. हळद म्हणजे घाण, असं कोण कशाला समजेल? बाईंनी जगातल्या सगळ्या वस्तू सोडून नेमकी तीच उचलली होती, आणि हा शहाणा ती घेऊन पाड्यावर आला होता. मग तो घरोघर फिरून सांगायला लागला की अरे, हळद हा उपाय नाही, हळद म्हणजे रोग. लोकांनी गंगीला बाजूला घेऊन विचारलं, याला डहाणूला काय पाजलं होतं?

या उन्हाळ्यात लहान्याच्या मुलाचं, सुरजचं, लग्न ठरलं. मुलगी वेवजीची, प्रगती नावाची. हळदीच्या दिवशी डुक्कर कापायचं, म्हाताऱ्यांना कलेजी, पाड्याला वाटे, आणि उरलेलं मोठ्या टोपात पाहुण्यांसाठी, असा बेत होता. गंगी नवऱ्याला म्हणाली, या वेळी अंग काढून घे. तो म्हणाला, मी नाही कापलं तर जीवन कापेल. जीवन म्हणजे पाड्यातला दुसरा हौशी. आतडं फुटलं की त्यावर अंगठा दाबून पुढचं काम करणारा. लहान्याच्या आईला आपण मारलं, हे काकड्याच्या मनातून जात नव्हतं. पाड्यावर अजून म्हातारी माणसं होती, अंगावर पिणाऱ्या पोरांच्या आया होत्या. त्यातलं एकही आपल्या पाड्यावरच्या डुकरापायी जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी माणसाला किती डोकं फोडावं लागतं ते पाहून त्याचं मस्तक फिरायचं.

त्यानं लहान्याला बसवून अटी सांगितल्या. आदल्या दुपारपासून डुकराला खायला घालू नको. अंगणात आडवं पाडून नाही, जांभळीच्या फांदीला टांगून कापीन. दोन सुऱ्या वापरीन, चुलीवर उकळतं पाणी लागेल. आणि कलेजी निखाऱ्यावर नाही, टोपात शिजेल. लहान्या प्रत्येक अटीला हो दादा, तू म्हणशील तसं, म्हणत गेला. इतक्या चटकन हो म्हणणाऱ्या माणसाचा भरवसा धरू नये, पण काकड्यानं धरला. धरणार नाही तर काय करणार, भाऊ होता.

हळदीच्या दिवशी सकाळी डुक्कर एका घावात मारून, भाजून झाल्यावर त्यानं ते जांभळीला टांगलं. चोराला टांगल्यासारखं काय टांगतोस, असं जीवन म्हणाला आणि चार जण हसले, पण दोर ओढायला त्यानंच हात लावला. मागचं तोंड बांधून झालं. मांसाची सुरी उकळत्या पाण्यात ठेवून काकड्यानं दुसरीनं पोट उघडलं, आणि त्याचा हात जागीच थांबला. आतडं रिकामं नव्हतं. ते तट्ट फुगलेलं होतं, दाणे भरून तोंड बांधलेल्या पोत्यासारखं.

त्यानं विचारलं, याला खायला कोणी घातलं? लहान्या इकडेतिकडे बघायला लागला. उत्तर दिलं ते त्याच्या बायकोनं, सरितानं. हे डुक्कर तिनं पिल्लू असल्यापासून वाढवलं होतं. आदल्या संध्याकाळी मांडवातला उरलेला भात, भाकऱ्या, डाळ, सगळं तिनं त्याच्यापुढे ठेवलं होतं, आणि ते संपेपर्यंत जवळ बसली होती.

"दादा, पोरासारखं वाढवला त्याला," ती म्हणाली. "घरातून जाताना उपाशी कसं धाडू?"

तिचे डोळे भरलेले होते. काकड्याला तिच्यावर ओरडता येईना. त्याचं खरं दुखणं हेच होतं की पाड्यावर कोणी वाईट वागतच नव्हतं. जाणाऱ्या जनावराला पोटभर घालणारी बाई, सगळ्यांना सारखा वाटा देणारी माणसं, म्हाताऱ्यांना मऊ घास भरवणारी पोरं, भांडायचं कोणाशी? वाईट माणसाला निदान शिवी देता येते.

कापायचं थांबवण्यात आता अर्थ नव्हता. त्यानं हात आत घालून आतडं सावकाश सोडवायला घेतलं. रिकामं असतं तर सुरीच्या बाजूनं सरकून गेलं असतं. भरलेलं होतं, ते पात्याला टेकलं आणि फुटलं. आतलं सगळं कलेजीवर सांडलं आणि एका बाजूच्या फऱ्यावरून खाली ओघळलं. एवढ्या वर्षांत काकड्याच्या हाताखाली आतडं फुटल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. जीवननं ओठ मुडपून घेतले.

दुसरा कोणी असता तर गुपचूप पुसून पुढे गेला असता. काकड्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की आतडं फुटलं आहे, माझ्याच हातून फुटलं आहे. ही कलेजी आणि ही बाजू खड्ड्यात पुरायची. दुसरी बाजू स्वच्छ आहे, ती सगळी टोपात जाईल आणि हाडापासून सुटेपर्यंत शिजेल. आज वाटे नाहीत.

झालं. सगळा मांडव जांभळीखाली आला. वाटे नाहीत म्हणजे काय? घरोघर बायका मसाला वाटून बसल्या होत्या. कलेजी नाही तर म्हाताऱ्यांना काय तोंड दाखवायचं? वेवजीचे पाहुणे दुपारी येणार, त्यांच्यापुढे निम्म्या डुकराचा रस्सा वाढायचा? लहान्या समजावणीच्या सुरात म्हणत होता की दादा, थोडं तर सांडलंय. जीवन पाण्याची बादली घेऊन आला आणि धुवायला वाकला. काकड्यानं त्याचा हात धरला, पाण्यानं पसरतं म्हणून सांगितलं. पाण्यानं घाण पसरते, हे ऐकून तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

एवढ्यात सरिता धावत आली. हातात परात, परातीत सुरजच्या अंगाला लावायला कालवलेली हळद.

"लावा ही," ती म्हणाली. "दादांनीच तर दाखवली ना आपल्याला."

लोकांच्या जीवात जीव आला. काकड्याचा मात्र तोल सुटला. दुधी, वसुमतीबाई, हापशी, गंगीचं सलाइन, सगळं एकदम डोक्यात गेलं. परात त्यानं बाजूला केली आणि लहान्यासमोर उभा राहिला. जे तो शिबिराहून आल्यापासून कोणाजवळ बोलला नव्हता, ते आता भर मांडवात बोलला.

"लहान्या, तुझी आयस वयानं नाय गेली. कच्च्या कलेजीनं गेली. ती कलेजी मी दिली तिला, या हातानं."

लहान्याचा चेहरा उतरला. क्षणभर काकड्याला वाटलं की हे तरी आत शिरलं असेल. पण माणसाला नको असलेली गोष्ट आत शिरायला वाट कुठून मिळणार? लहान्या खालच्या आवाजात म्हणाला, लग्नघरात आयसला कशाला काढतोस, दादा. आणि वळून त्यानं जीवनला पानं मांडायला सांगितली.

जीवन पानं मांडायला लागला. दोघे जण निखारे ओढत होते. लडक्याबाबा, पाड्यातला सगळ्यांत म्हातारा माणूस, निखाऱ्याजवळ येऊन बसलाही होता, कलेजीचा पहिला मान त्याचा. काकड्यानं त्याच्याकडे पाहिलं. बोलून उपयोग नव्हता. दाखवून उपयोग झाला नव्हता. ज्या बादलीत त्यानं फुटलेलं आतडं टाकलं होतं, ती त्यानं उचलली आणि होती नव्हती ती सगळी घाण त्या कलेजीवर आणि त्या बाजूवर ओतली. वरपासून खालपर्यंत.

"तुम्हाला दिसत नव्हती ना?" तो म्हणाला. "आता दिसते?"

आता सगळ्यांना दिसत होती. वासही येत होता. लडक्याबाबा नाकाला धोतर लावून उठला. बाया ओकाऱ्या काढत लांब गेल्या. सरिता मटकन खाली बसून रडायला लागली, आणि ते रडणं लग्नाच्या जेवणासाठी नव्हतं, त्या डुकरासाठी होतं, हे काकड्याला कळत होतं आणि त्यामुळे त्याला आणखीच वाईट वाटत होतं. जीवन अंगावर धावून आला, त्याला दोघांनी धरलं. लहान्यानं काही केलं नाही. तो नुसता म्हणाला, जा इथून.

जाण्याआधी काकड्यानं मांसाची सुरी उकळत्या पाण्यातून काढून स्वच्छ बाजू तोडून दिली, आणि ती तेवढी टोपात गेली. घाण झालेला भाग त्यानं स्वतः खड्डा खणून पुरला. वाटे पडले नाहीत. थोडं मटण पुष्कळांना पुरवायचं म्हणून टोपात बटाटे टाकले, पाणी वाढवलं, आणि ते दुपारपर्यंत रटरटत ठेवलं. वेवजीच्या पाहुण्यांनी ते खाल्लं, पण एका पाहुण्यानं विचारलंच, की बटाट्याचं लग्न आहे का? तो शब्द लहान्याच्या जिव्हारी लागला. मानेचा तुकडा काकड्याला कोणी दिला नाही, त्यानंही मागितला नाही. घरी येऊन त्यानं गंगीनं टाकलेली नाचणीची भाकरी चटणीबरोबर खाल्ली.

लग्न पार पडलं. प्रगती नांदायला आली. पाहुणे वेवजीला परत गेले, मांडव उतरला, आठवडा गेला, आणि मग एका सकाळी पाडा काकड्याच्या अंगणात जमला. लहान्या होता, जीवन होता, लडक्याबाबाला कोणीतरी हाताला धरून आणलं होतं. गंगीनं पाणी दिलं, ते कोणी घेतलं नाही. लहान्यानं आईचा विषय काढला नाही, काकड्याकडे बघितलंही नाही. त्यानं एवढंच सांगितलं की यापुढे पाड्याचं डुक्कर जीवन कापेल, तू कुठे पुढे येऊ नको.

काकड्यानं पुन्हा एकदा समजावायचा प्रयत्न केला. घरभरणीला काय झालं होतं ते सांगितलं. या वेळी काय झालं असतं ते सांगितलं. वाक्य पुरं व्हायच्या आत जीवननं त्याला अडवलं.

"झालं असतं, झालं असतं. झालं काय? एवढं मटण मातीत घातलंस. कोणाचं पोट तरी दुखलं? एक माणूस दाखव."

सगळे तेच म्हणायला लागले. एक माणूस दाखव. लडक्याबाबा सगळ्यांत पुढे होता. त्याचा मान बुडाला होता, पाहुण्यांसमोर बुडाला होता. तो काठी आपटत काकड्याचं, त्याच्या बापाचं आणि डहाणूच्या बाईचं नाव घेऊन शिव्या देत होता, आणि त्या वयात त्याचा आवाज इतका खणखणीत होता की पलीकडच्या शेतातली माणसं मान वर करून बघत होती.

काकड्यानं अंगणभर नजर फिरवली. म्हातारे होते, बाया होत्या, कडेवर पोरं होती. दाखवावा असा एकही माणूस त्याला दिसेना. सगळे धडधाकट उभे होते आणि त्याला शिव्या देत होते.